गंजलेली हत्यारं आणि इलेक्ट्रोलिसिस: एकच बाजू का निघते, पाणी पिवळं का होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या पेटीत एक व्हाइस (वस्तू जबड्यात घट्ट पकडणारं हत्यार), नट-बोल्ट फिरवायचे काही पाने, रंध्याचं पातं आणि हाताने फिरवायचं ड्रिल सापडलं, सगळं गंजून गेलेलं. प्लास्टिकच्या बादलीत धुण्याचा सोडा विरघळवून, गाडीच्या बॅटरीचा चार्जर लावून, म्हणजे विजेने गंज सोडवायच्या इलेक्ट्रोलिसिसच्या पद्धतीने, तुम्ही त्यातला एक पाना रात्रभर ठेवलात. ॲनोड म्हणून, म्हणजे चार्जरच्या प्लसला जोडायचा तुकडा म्हणून, स्टेनलेस स्टीलची जुनी पळी टांगली. सकाळी पान्याची एक बाजू निघाली होती, दुसरी होती तशीच. निघालेल्या बाजूवर काळा थर, पाणी पिवळसर, आणि चार्जरचा काटा जवळपास शून्यावर. आता विचारताय की चुकलं कुठे, तो काळा थर म्हणजे पुन्हा गंजच का, आणि बाकीच्या वस्तू याच पाण्यात घालायच्या का.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. या पाण्यात आता काहीही घालू नका. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं. भांड्यांना नेहमी वापरतात त्या 304 प्रतीत साधारण 18 टक्के, शिवाय 8 टक्क्यांच्या आसपास निकेल. सोड्याच्या पाण्यात असा तुकडा प्लसला जोडून प्रवाह सोडला की त्यातलं क्रोमियम क्रोमेट होऊन पाण्यात उतरू शकतं. हे सहा संयुजेचं क्रोमियम. ते कर्करोगाला कारणीभूत ठरतं आणि कातडीलाही वाईट. ‘स्टेनलेस झिजत नाही, तेच लावा’ असा सल्ला बरेच जण देतात. ते झिजतं, फक्त सावकाश झिजतं, आणि त्यातून जे सुटतं ते घरात नको असणारं असतं.

पिवळेपणा नुसत्या गंजाचाही असू शकतो, हे खरं. पण लोखंडाचा गंज पाण्यात विरघळत नाही. बादली दिवसभर न हलवता ठेवली की तो तळाशी बसतो आणि वरचं पाणी निवळतं. क्रोमेट विरघळलेलं असतं, ते खाली बसत नाही. म्हणून निवळलेलं पाणीही पिवळंच राहिलं तर क्रोमेट आहे असंच धरा. जुना रंग किंवा तेलकट मळही पाण्याला थोडी छटा देतो, पण इथे संशयाचा फायदा पाण्याला द्यायचा नाही. हातमोजे घालून ते पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर काय आहे ते लिहा आणि घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्या. गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. पळी स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

ॲनोडला साधं लोखंड लावा: बांधकामाच्या सळईचे तुकडे, जाड काळा पत्रा, अँगलचे उरलेले तुकडे. ग्राफाइटच्या पट्ट्या किंवा कांड्या मिळाल्या तर त्याहून बऱ्या, कारण त्यांच्यामुळे पाण्यात लोखंडाचा गाळ होत नाही. कालांतराने त्या भुसभुशीत होऊन झडतात एवढंच. चकचकीत जस्ताचा मुलामा असलेला पत्रा नको, कारण सोड्याच्या पाण्यात जस्त विरघळतं. तांब्याची तार किंवा पितळी तुकडाही नको, ते तांबं सुटून तुमच्या जॉबवर, म्हणजे साफ करायच्या वस्तूवर, चढू शकतं. चार्जरच्या लाल चिमट्यालाही हेच लागू आहे. तो पाण्याच्या वर राहिला पाहिजे. पाण्यात बुडाला तर चिमटाच ॲनोड होतो आणि थोड्या दिवसांत त्याचे दात खाल्ले जातात.

आता बादलीत होतं काय ते सांगतो, म्हणजे तो काळा थर समजेल. मायनसला तुमचा जॉब असतो. तिथे पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि पृष्ठभागालगतचं पाणी आणखी अल्कधर्मी होतं. प्लसला ऑक्सिजन सुटतो, आणि ॲनोड लोखंडी असेल तर तो हळूहळू गंजत जातो. जॉबवरच्या तांबूस गंजाचा काही भाग या विजेमुळे मॅग्नेटाइटमध्ये, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये, बदलतो, थोडासा अगदी लोखंडापर्यंतही पोचतो, पण ते लोखंड भुकटीच्या रूपात असतं, मूळ अंगाला चिकटत नाही. गंजाच्या थराखाली सुटणारे बुडबुडे तो थर उचलून सैल करतात. म्हणजे गंजाचं पुन्हा लोखंड होऊन खड्डे भरून येतात, असं काही होत नाही. जिथला धातू गंजाने खाल्ला तिथे खड्डा राहणारच. काळा थर हा बदललेल्या गंजाचा सैल चोथा आहे, ताजा गंज नव्हे. तारेच्या ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासलात की बहुतेक निघून जाईल. जो घट्ट बसलेला काळेपणा राहील तो राहू द्यायला हरकत नाही.

ॲसिडपेक्षा ही पद्धत मला का आवडते, तेही इथेच सांगून टाकतो. व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड गंज खातं, पण गंज संपला की चांगलं लोखंडही खायला लागतं. वस्तू त्यात विसरलात तर बारीक आटे, कोरलेली अक्षरं, कानशीचे दात बोथट होतात. इलेक्ट्रोलिसिसमध्ये जॉब मायनसला असतो तोवर त्याचा चांगला धातू सुटत नाही. हेच तत्त्व वापरून रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे वाचवले होते. पत्र्यांना लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडले की तांब्याऐवजी तेच झिजत. (गंमत अशी की तांबं झिजेनासं झाल्यावर जहाजांच्या तळाला समुद्री जीव आणि शेवाळ भरभरून चिकटायला लागलं, कारण त्यांना दूर ठेवत होतं ते झिजणारं तांबंच.) तेव्हा एखादा जॉब ठरवल्यापेक्षा सहा तास जास्त राहिला म्हणून बिघडत नाही. पण ही सगळी हमी तीन गोष्टींवर टिकून आहे: जोडणी सुलट हवी, संपर्क पक्का हवा आणि धातू योग्य हवा. तुमच्या पान्याची फक्त एक बाजू निघाली तिथे यातलं काही बिघडलेलं नव्हतं. तिथे मांडणी कमी पडली.

प्रवाह पाण्यातून जवळची वाट धरतो. ॲनोडसमोरची बाजू दिव्यासमोर असल्यासारखी असते आणि पलीकडची तिच्याच सावलीत. एकाच बाजूला एकच पळी, म्हणून एकच बाजू. उपाय सोपा आहे. बादलीच्या आतल्या कडेला चारही बाजूंनी सळया उभ्या करा आणि वरून एकाच जाड तारेने त्या सगळ्या जोडून घ्या. जॉब मधोमध टांगा. किंवा काळ्या पत्र्याचं गोल कडं करून बादलीत बसवा. त्याला खालून-वरून थोडी मोकळी जागा ठेवा म्हणजे पाणी फिरतं. जॉब आणि ॲनोड यांच्यात पाच ते दहा सेंटिमीटर अंतर पुरतं. फार जवळ आणलं की समोरच्या जागी खूप आणि बाकी ठिकाणी कमी असं होतं, शिवाय हेलकावा बसून दोघं टेकण्याची भीती. मधे प्लास्टिकची जाळी ठेवली की ती भीती जाते. नळीच्या आतला गंज बाहेरच्या कितीही ॲनोडांनी निघत नाही. त्यासाठी नळीच्या मधोमध पातळ सळई घालावी लागते, आणि ती कुठे टेकू नये म्हणून दोन्ही टोकांना प्लास्टिकचे बूच भोकं पाडून बसवावे लागतात. व्हाइसच्या स्क्रूचे आटे, पान्याच्या तोंडाची आतली कड, अशा ठिकाणी जॉब मधेच एकदा फिरवून ठेवला की काम होतं.

काटा शून्यावर का आला, याची कारणं दोनच असतात: एकतर ॲनोडवर पुट चढलं किंवा जॉबचा संपर्क गेला. लोखंडी ॲनोडवर तपकिरी पापुद्रा जमतो आणि प्रवाह उतरत जातो. तो काढून, खरवडून, पुन्हा लावायचा. रात्रीतून हे होणं अगदी साहजिक आहे, म्हणून जॉब मोठा असेल तर मी ॲनोड दिवसातून दोनदा बाहेर काढून घासतो. पण नवख्या माणसाचा प्रवाह बहुतेक वेळा संपर्कातच अडकलेला असतो. गंज विजेला अडवतो. काळा चिमटा गंजावरच लावला तर वरवर जोडणी दिसते, आत काहीच जात नाही. कानस घेऊन नखाएवढी जागा चमकेपर्यंत घासा आणि तिथे चिमटा किंवा तार आवळा. भोक असेल तर बोल्ट-नटने तार आवळणं सगळ्यात उत्तम. मग मल्टिमीटर रोधावर ठेवून एक टोक तारेला आणि दुसरं जॉबच्या अगदी लांबच्या टोकाला, तिथेही थोडं खरवडून, लावून बघा. एक-दोन ओहमच्या वर आकडा दिसला तर पुन्हा कानस हातात घ्या. सुरू केल्यावर मिनिटाभरात जॉबवरून बारीक बुडबुडे उठायला लागले पाहिजेत. ते दिसेनात तर तसंच ठेवून निघून जाऊ नका.

पाने एकत्र घालायचे असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र तार द्या. एकातून दुसरा अडकवून माळ केली तर मधला एखादा गंजामुळे सुटा पडतो. आणि सुटा पडलेला लोखंडी तुकडा प्रवाहाच्या वाटेत असेल तर त्याच्या एका टोकाला गंज निघतो आणि दुसऱ्या टोकाला चांगलं लोखंड झिजतं. जोडलेल्या यंत्रांचीही हीच अडचण. व्हाइसचा जबडा, स्क्रू आणि आतला नट यांच्यात गंजाचा थर असेल तर ते विजेच्या दृष्टीने तीन वेगळे तुकडे आहेत. म्हणून खोलता येईल तेवढं खोलूनच पाण्यात टाका. जाम असेल तर तिन्ही भागांना वेगवेगळ्या तारा जोडून सगळ्या मायनसला न्या, काही तास चालवा, बाहेर काढून हलवून बघा. पुष्कळदा एवढ्याने सुटतं. सुटलं की भाग वेगळे करून दुसरी फेरी. आधी ग्रीस आणि तेल मात्र धुऊन काढा. तेलाखाली प्रवाह पोचत नाही.

सोड्याचं प्रमाण लिटरला पाच ते दहा ग्रॅम, म्हणजे वीस लिटरच्या बादलीला शंभर ते दोनशे ग्रॅम. यापेक्षा जास्त घालून फार काही साधत नाही. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. सुगंधी डिटर्जंट पावडर हा त्याचा पर्याय नव्हे. तो मिळाला नाही तर खाण्याचा सोडा पसरट भांड्यात ओव्हनमध्ये 200 अंशांवर तासभर तापवा. त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन कार्बोनेट उरतं. शंभर ग्रॅमचे त्रेसष्ट ग्रॅमच्या आसपास राहिले की झालं समजायचं. खाण्याचा सोडा तसाच वापरला तरी काम होतं, फक्त प्रवाह कमी वाहतो. मीठ कधीही घालू नका. मिठाने प्रवाह झकास वाढतो, म्हणून मोह होतो, पण ॲनोडवर क्लोरिन वायू सुटतो आणि क्लोराइड खड्ड्यांत शिरून बसतं. साफ केलेली वस्तू मग पहिल्यापेक्षा लवकर गंजते. कॉस्टिक सोड्यानेही काम जमतं, संग्रहालयांच्या प्रयोगशाळा तोच वापरतात, पण त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. घरी त्याची गरज नाही.

चार्जरबद्दल. जुना, साधा, ट्रान्सफॉर्मर असलेला, काटा दाखवणारा चार्जर या कामाला सगळ्यात चांगला, आणि तुमच्याकडे तोच दिसतो. नवे ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरीचा दाब दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत. बादलीला ते ‘बॅटरी नाही’ म्हणून नकार देतात. व्होल्ट आणि अँपिअर ठरवता येणारा बेंच पॉवर सप्लाय असेल तर प्रश्नच मिटला. संगणकाचा जुना पॉवर सप्लाय 12 व्होल्टवर भरपूर प्रवाह देतो, पण म्हणूनच ॲनोड जॉबला टेकला की तारा तापतात. त्यावर एक जुना उपाय आहे. गाडीच्या हेडलाइटचा 12 व्होल्ट, 55 वॉटचा बल्ब मालिकेत जोडा. मग काहीही टेकलं तरी प्रवाह साडेचार अँपिअरच्या आसपास अडतो, आणि बल्ब लख्ख पेटला की कुठेतरी टेकलंय हे लांबूनच कळतं. घरच्या मुख्य विजेवर थेट डायोड लावून काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका. त्या बादलीत बोट घातलं तर जीव जाऊ शकतो.

किती अँपिअर? पान्याएवढ्या वस्तूला एक ते दोन, व्हाइसच्या धडाला चार ते सहा. वाढवून वेळ वाचेल असं वाटतं, पण एका मर्यादेनंतर फक्त बुडबुडे आणि उष्णता वाढते. 12 व्होल्टवर पाच अँपिअर म्हणजे 60 वॉट, आणि त्यातला मोठा वाटा पाणी कोमट करण्यात जातो. मला कमी प्रवाह आणि जास्त वेळ हेच पटतं. बुडबुडे उसळत असतील तर गंज सैल होण्याआधीच पापुद्र्यांनी उडतो आणि त्याखालची बारीकसारीक खूण त्याच्याबरोबर जाते. समुद्रातून काढलेल्या वस्तूंवर काम करणारे तज्ज्ञ तर फारच कमी प्रवाह ठेवतात. अमेरिकेच्या यादवी युद्धातली ‘मॉनिटर’ ही युद्धनौका 1862 मध्ये बुडाली, तिचा फिरता तोफबुरूज 2002 मध्ये वर काढला आणि तो कॉस्टिकच्या पाण्यात वर्षानुवर्षं याच पद्धतीने ठेवावा लागला. तिथे मुख्य काम धातूत मुरलेलं क्लोराइड बाहेर काढण्याचं असतं. तुमच्या पेटीतल्या पान्याला चार तासांपासून एका रात्रीपर्यंत पुरे.

आता हायड्रोजन. त्याची भीती घालण्यापेक्षा हिशेब दाखवतो. एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला की सुमारे 0.45 लिटर हायड्रोजन सुटतो. पाच अँपिअरला तासाला सव्वादोन लिटर. हवेत 4 टक्क्यांपासून पुढे हायड्रोजन पेट घेऊ शकतो. खिडक्या उघड्या असलेल्या जागेत ही मर्यादा गाठली जाणं अवघड; हायड्रोजन हलका असतो, वर जाऊन पांगतो. पण बादलीवर झाकण ठेवलंत आणि झाकणाखाली पाच लिटर मोकळी जागा असेल, तर पाच-सहा मिनिटांतच तिथली हवा पेटण्याजोगी होते. म्हणून झाकण नाही, बंद कपाट नाही, न्हाणीघराचं दार लावून नाही. उघड्यावर किंवा मोकळ्या पडवीत. पेटती विडी-सिगारेट जवळ नको. चिमटे काढण्या-लावण्याआधी चार्जरचं बटण भिंतीतून बंद करा, कारण चिमटा सुटताना ठिणगी पडते आणि नेमकी तिथेच हायड्रोजनची फेसाळ साय असते. चार्जर बादलीच्या वर फळीवर ठेवू नका. बाजूला, लांब ठेवा. सोड्याचे बारीक तुषार वर उडतात आणि चार्जरच्या आतल्या भागांवर बसतात. डोळ्याला चष्मा, हाताला रबरी मोजे. धुण्याचा सोडा कॉस्टिकइतका तिखट नाही, तरी डोळ्यात गेला तर चांगलाच झोंबतो, आणि तासभर हात त्यात राहिले तर कातडी उलते.

प्लस-मायनस उलटं झालं तर काय होतं, तेही कळू द्या. मग जॉबच ॲनोड होतो. एका अँपिअर-तासाला जास्तीत जास्त एक ग्रॅमभर लोखंड जाऊ शकतं. सोड्याच्या पाण्यात प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी जातं, पण पाच अँपिअरवर रात्र काढली तर पान्याची अक्षरं ओळखू येणार नाहीत. सुरू केल्यावर बघायचं एवढंच: जास्त बुडबुडे जॉबवरून उठतायत का. ॲनोडच्या मानाने मायनसला दुप्पट वायू सुटतो, त्यामुळे फरक डोळ्यांनी दिसतो.

कुठल्या वस्तू घालू नयेत? ॲल्युमिनियम अजिबात नाही, अल्कधर्मी पाण्यात ते विरघळतं. जस्ताचे ओतीव भाग नाहीत. क्रोम किंवा निकेल चढवलेल्या वस्तूंवर गंज मुलाम्याखाली शिरलेला असतो, त्यामुळे मुलामा पापुद्र्यांनी सुटतो. तो तसाही गेलेलाच असतो, पण त्याचे तुकडे पाण्यात राहतात आणि कडेवर धारदार उभे राहतात. लाकडी मुठी काढूनच घ्या. रंग जवळपास सगळा निघतो, तेव्हा मूळ रंग राखायचा असेल तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही. बीड आणि साधं पोलाद मात्र बिनदिक्कत घाला.

पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेल्या, पोलादाची गोष्ट वेगळी. सुटणाऱ्या हायड्रोजनचा काही अंश अणुरूपात धातूत शिरतो. मऊ लोखंडाला त्याचं काही वाटत नाही, पण फार कडक पोलाद त्याने ठिसूळ होतं आणि ताण आला की काहीही न सांगता तडकतं. स्प्रिंगा, 10.9 आणि 12.9 या जास्त ताकदीच्या प्रतींचे बोल्ट, गाडीच्या ब्रेकचे किंवा स्टिअरिंगचे भाग, उचल-यंत्राचे हूक: यातलं काही बादलीत नको. कारखान्यात मुलामा चढवल्यावर असे भाग साधारण 190 ते 220 अंशांवर काही तास भाजतात, म्हणजे शिरलेला हायड्रोजन निघून जातो. घरच्या ओव्हनचं तापमान वरखाली होतं आणि त्यात पात्याचं टेंपर (त्याला दिलेला कडकपणा) उतरू शकतं, म्हणून ज्याच्या तुटण्याने कुणाला इजा होईल अशा वस्तूवर तो प्रयोग करू नका. रंध्याचं पातं मधल्या गटातलं. त्याला अर्धा-एक अँपिअरवर दोन-तीन तास पुरेत, आणि मग धार लावण्याआधी ते दोन दिवस तसंच पडू द्या. पात्यावर गंज वरवरचा असेल तर मी बादली काढतच नाही. पाट्यावर चपटं घासून तो लवकर निघतो, आणि पात्याची पाठ तशीही सपाट करायचीच असते. हाताच्या ड्रिलचे दातेरी चाकं आणि बीडाची चौकट घाला. चक (ड्रिलचं पातं पकडणारा पुढचा भाग) मात्र खोलून आतल्या छोट्या स्प्रिंगा बाहेर काढून मगच.

बाहेर काढल्यानंतरचा पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमका तिथेच दम खातात. घासून उघडं पडलेलं लोखंड ओलं राहिलं की काही मिनिटांत पिवळसर तांबूस छटा धरतं. त्यामुळे ब्रश, गरम पाणी, कोरडं फडकं आणि तेल आधीच हाताशी ठेवा, मग चार्जर बंद करा. घासणं थेट पाण्याखाली. मग उकळतं नसलं तरी हाताला सोसणार नाही इतकं गरम पाणी ओता; वस्तू तापते आणि स्वतःच्या उष्णतेने वाळते. भोकं, आटे, फटी यांतलं पाणी हेअर ड्रायरने किंवा फुंकणीच्या हवेने उडवा. मग गरम असतानाच पातळ मशीन ऑइल. व्हाइस रंगवायचा असेल तर तेल लावू नका. नीट वाळवून त्याच दिवशी प्रायमर मारा, पण त्याआधी सोडा साफ धुऊन गेलाय याची खात्री करा, नाहीतर रंगाखाली पांढरी पुटं येतात आणि रंग फुगतो. व्हाइसच्या घसरत्या पट्ट्यांवर आणि पान्यांवर मी तेलाऐवजी मेण घासतो. त्याला धूळ कमी चिकटते.

साध्या लोखंडी ॲनोडवर चाललेलं पाणी टाकून द्यायची घाई नको. सोडा संपत नाही, फक्त पाणी कमी होतं. तेवढं भरत राहा. तळाचा तपकिरी गाळ हा गंजच. पण जुना रंग त्यात उतरला असेल तर सावध राहा. जुन्या यंत्रांच्या रंगांत शिसं असायचं, आणि ते रंगाबरोबर गाळात येतं. रंगीत वस्तूंना वेगळी बादली ठेवा आणि तो गाळ त्या क्रोमेटच्या कॅनबरोबरच द्या.

तुमचा अर्धवट निघालेला पाना आधी धुऊन घ्या, हातमोजे घालूनच. मग नवी बादली, नवा सोडा, चार सळया, आणि काळा चिमटा ज्या जागी लावणार ती जागा कानशीने चमकवून. दीड अँपिअरवर ठेवा आणि तीन तासांनी काढून घासा. दोन्ही बाजू सारख्या काळ्या निघाल्या की तीच मांडणी व्हाइसच्या जबड्यासाठी वापरा. त्याला बादली कमी पडली तर मोठा प्लास्टिकचा टब घ्या आणि सळयांची संख्या वाढवा.